गाडीमागची जागा

"वायरकडे बघायचं, माझ्याकडे नाही," एवढं बजावून सासूबाई चालत गेल्या आणि नेमक्या अशा ठिकाणी उभ्या राहिल्या, की वायरकडे बघताना त्या दिसल्याच पाहिजेत. त्या गाडीच्या मागे उभ्या होत्या. इंजिन काढून घेतलेली, निळा रंग उडालेली ती गाडी आमच्या ट्रकच्या कललेल्या पाठीवर चढवायची होती. ओढणारी मी होते. आणि गाडी सुटलीच तर ती जिथे येऊन आदळणार होती, तिथे माझ्या नवऱ्याची आई डिकीवर तळवा टेकवून उभी होती.

"आई, बाजूला व्हा ना," मी म्हणाले.

"ओढ."

"पण आई..."

"ओढ, सांगते ना."

आमच्या घरात त्यांनी 'सांगते ना' म्हटलं की चर्चा संपते. मी लीव्हर ढकलला.

हे यंत्र ज्यांनी रस्त्यात फक्त शिव्या घालण्यापुरतंच पाहिलंय, त्यांच्यासाठी थोडं सांगते. टोचनचा ट्रक म्हणजे साधा ट्रकच, पण त्याची पाठ सपाट लोखंडी असते आणि ती मागे सरकून खाली कलते, इतकी की तिचं शेपूट जमिनीला टेकतं. झाला उतार तयार. केबिनच्या मागे विंच असतो, म्हणजे एका जाडजूड ड्रमवर गुंडाळलेली पोलादी वायर. वायर सोडवत खाली न्यायची, तिच्या टोकाचा हूक बंद गाडीच्या पुढच्या कडीत अडकवायचा आणि ट्रकच्या कडेला उभं राहून लीव्हर ढकलायचा. ड्रम फिरतो, गाडी मुकाट्याने वर चढते. लीव्हर सोडला की ड्रम जागच्या जागी थांबतो. ऐकायला सोपं आहे. दात काढणंही ऐकायला सोपंच असतं.

त्या दिवशी गाडी चढली. सासूबाई डिकीवर हात ठेवून एकेक पाऊल तिच्यामागे चालत आल्या, लहान मुलाला सायकल शिकवताना सीटला हात लावून चालतात तशा. गाडी वर पोचली तेव्हा माझी पाठ घामाने भिजली होती आणि त्या मात्र बाजारातून फिरून आल्यासारख्या ताज्यातवान्या दिसत होत्या.

"बरं जमलं," त्या म्हणाल्या. "खाली सोड. परत ओढ."

मला या धंद्यात यायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मी कापडाच्या दुकानात होते. गिऱ्हाइकाने खांद्यावर कापड टाकून आरशात पाहिलं की "तुम्हाला खुलतो हा रंग" म्हणायचं, आणि कात्री चालवायची. दुकान बंद झालं. मी घरात बसले आणि दोन बायकांनी एका घरात दिवसभर बसणं किती अवघड असतं ते मला कळायला लागलं. तेवढ्यात सासूबाईंचा उजवा खांदा धरला. ताटातला घास तोंडाशी नेताना त्यांचा चेहरा वाकडा व्हायचा, मग जड हूक खांद्यावर टाकून वायर ओढत नेणं तर लांबच. एके दिवशी जेवताना त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "उद्यापासून गाडीवर ये." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता. तो औषधांच्या दुकानात काम करतो, माणूस सज्जन आहे, पण आईपुढे ब्र काढायची त्याची हिंमत नाही.

खरं सांगायचं तर आईपुढे कुणाचीच नव्हती. रस्त्यावरचे ट्रकवाले, पोलीस, गॅरेजवाले सगळे त्यांना टोचनमावशी म्हणायचे आणि मागे वळून बघत म्हणायचे. त्या नाकावर माशी बसू देत नसत. एकदा एका दाढीवाल्या ड्रायव्हरने "बाईमाणूस काय गाडी काढणार" असं काहीसं म्हटलं. सासूबाईंनी त्याची गाडी खड्ड्यातून काढली, ट्रकवर चढवली, पट्टे आवळले, आणि त्याला न घेताच निघून गेल्या. तो पायी गावात आला.

शिकवायला कडक होत्या, पण हातचं राखून शिकवत नव्हत्या. ताणलेल्या वायरला ओलांडायचं नाही. हूकच्या रेषेत तोंड न्यायचं नाही. हातमोजे घातल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही, कारण तुटलेले बारीक धागे सुईसारखे टोचतात. चढणाऱ्या गाडीच्या मागे कुणालाही उभं राहू द्यायचं नाही, अगदी गाडीच्या मालकालाही.

हे शेवटचं ऐकून मला हसू आलं. "आणि तुम्ही उभ्या राहता ते?"

"मी शिकवतेय," त्या म्हणाल्या. जणू उत्तर झालं.

सगळ्यात जास्त त्या वायर गुंडाळण्याबद्दल बोलायच्या. ट्रक सरळ उभा नसेल तर वायर तिरकी येते आणि ड्रमच्या एकाच बाजूला चढत जाते, शिवणयंत्राच्या बॉबिनवर दोरा एका बाजूला फुगतो तशी. मग भार असताना एखादा वेढा घसरून खालच्या थरात पडतो आणि तेवढी वायर एकदम सैल होते. गाडी तेवढी मागे येते.

"तेव्हा काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही. ओढत राहायचं. सैल पडलेली वायर ड्रम आपोआप गिळतो. हात सोडलास तर गाडी मागे येऊन वायरला हिसका देते, आणि हिसक्याने हूक निसटतो."

"म्हणजे भीती वाटली तरी सोडायचं नाही."

"भीती वाटली तर मुळीच सोडायचं नाही."

एवढं सांगून त्या पुन्हा गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

आमच्या आवाराला लागून एक गॅरेज होतं. तिथल्या मेकॅनिकला सगळे पान्या म्हणत. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याला मत होतं आणि ते तो न विचारता द्यायचा. पण आम्ही सराव सुरू केला की पान्या काम टाकून शटर खाली ओढायचा. आमचं झालं की शटर वर. पहिले काही दिवस मला वाटलं, धुळीमुळे असेल. नंतर लक्षात आलं, की सासूबाई गाडीच्या मागे जायला निघाल्या की त्याचा हात शटरकडे जातो.

एकदा त्या चहा सांगायला कोपऱ्यावर गेल्या होत्या तेव्हा मी त्याला गाठलं. "काय हो, आमच्या आवाजाचा एवढा त्रास होतो?"

"आवाजाचा नाही," तो म्हणाला. मत द्यायला इतका वेळ लागलेला मी त्याला प्रथमच पाहत होते. "तुझा सासरा तसाच उभा असायचा. मागे, डिकीला हात लावून, गाडी सरळ करत. लीव्हरवर मावशी. वायर सरकली. मावशी घाबरली आणि हात सुटला तिचा. मी इथेच होतो, या इथे." तो फडक्याने हात पुसायला लागला. हात आधीच स्वच्छ होते. "तेव्हापासून मी बघत नाही."

सासरे अपघातात गेले एवढंच मला माहीत होतं. भिंतीवर त्यांचा फोटो होता, हसरा, कपाळावर केस आलेला. कुठला अपघात, कसा अपघात, हे त्या घरात कुणी बोलत नसे, आणि मी पडले नवीन, मी कशाला विचारू.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला स्वयंपाकघरात कोंडलं म्हटलं तरी चालेल. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मूग गिळून बसलास?"

"आईने त्यानंतर लीव्हरला कुणाला हात लावू दिला नाही," तो हळूच म्हणाला. "सगळं एकटी करायची. गाडीच्या आसपास माणूस दिसला तर काम सोडून परत यायची, पण ओढायची नाही. तिने तुला शिकवायचं ठरवलं, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, सावरली एकदाची."

"सावरल्या? रोज त्या स्वतः जाऊन तिथे उभ्या राहतात. मी ओढत असताना."

त्याच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरात टेकला. हे त्याला माहीत नव्हतं. "मागे?" त्याने विचारलं. "अगदी मागे?"

"डिकीला हात लावून. तू सांग त्यांना. आई तुझी आहे."

तो "सांगतो" म्हणाला. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्याने माझा हात नुसता दाबला आणि लीव्हर धरायचा तोच हात दाबला, ते बघून माझा जीव आणखीच टांगणीला लागला.

शेवटी मीच विचारलं. एक गाडी पोचवून आम्ही परत येत होतो, रेल्वेचं फाटक बंद होतं, आणि ट्रकच्या केबिनमध्ये दोघीच होतो. मी म्हटलं, "मला पान्याने सगळं सांगितलं."

"पान्याला गाडी सोडून सगळं जमतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, विषय संपला. पण त्या बोलायला लागल्या.

"मी मोकळ्या गाड्यांवर शिकले. मागे कुणी नाही, बाजूला कुणी नाही. जरा खट्ट झालं की हात सोडायचा. बिघडायचं काहीच नाही. गाडी घसरायची, खाली जाऊन थांबायची. पुन्हा हूक लावायचा. आम्ही दोघं हसायचो. हाताला तीच सवय लागली बघ. मग ज्या दिवशी मागे माणूस होतं, त्या दिवशीही हाताने तेच केलं. मी नाही गं सोडला. हाताने सोडला."

आगगाडी धडधडत आली, तसा त्यांनी आवाज चढवला.

"तुझा हात मला तसा होऊ द्यायचा नाही. मागे आपलं माणूस आहे, हे ज्या हाताला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं तो हात सुटत नाही."

"आणि सुटला तर?"

"तर तू शिकली नाहीस," त्या म्हणाल्या. फाटक उघडलं आणि त्यांनी ट्रक पुढे काढला.

मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी राग आला. कुणी शिकवताना असं करतं का? पोहायला शिकवणारा पाण्यात उतरतो, पण बुडून दाखवत नाही. मी एकदा सरळ नकार दिला, म्हटलं तुम्ही तिथून हटल्याशिवाय मी लीव्हरला हात लावणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. उठल्या, हूक उचलला आणि धरलेल्या खांद्याने वायर ओढत निघाल्या. ओठ पांढरे पडले तरी थांबल्या नाहीत. मीच पळत जाऊन हूक हातात घेतला. मग त्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

आणि खरं तेच सांगायचं तर माझा हात तयार होत गेला. आवारात एकदा वायर खरंच सरकली. ड्रमवरून बोटं मोडल्यासारखा मोठा आवाज आला, गाडी वीतभर मागे आली आणि सासूबाईंच्या तळव्याला टेकली. पण माझा हात हलला नाही. मी ओढत राहिले, वायर ताणली गेली, गाडी पुन्हा वर निघाली. सासूबाई खालून नुसत्या "हं" म्हणाल्या. इतकं कौतुक त्यांनी स्वतःच्या मुलाचंही कधी केलं नसेल. मी मात्र ट्रकच्या पलीकडे जाऊन उलटी करून आले.

त्यानंतर मला झोप लागेना. डोळे मिटले की हातात लीव्हर यायचा. दिवसा त्यांच्याकडे बघताना मनात नको ते यायचं. त्या जेवताना, कपडे वाळत घालताना, माझ्यासाठी डब्यात जास्तीचं भरताना मला वाटायचं, ही बाई मला शिकवत नाहीये. ही वाट बघतेय. आज ना उद्या माझा हात सुटेल, तेव्हा हिचा हिशेब पुरा होईल आणि माझा सुरू होईल. असं मी नवऱ्याला बोलून दाखवलं नाही. त्याला झोप लागत होती, ती कशाला घालवा.

मग त्या मोठ्या इमारतीचं काम आलं.

इमारतीच्या पोटात गाड्या ठेवायचा तळमजला होता आणि तिथे एक करड्या रंगाची गाडी बंद पडली होती. खाली उतरायला रस्ता चांगला लांब आणि उभा, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती. भर दुपारी तिथे अंधार होता. एक नळीचा दिवा लागत होता, विझत होता, आणि छतातून कुठेतरी पाणी गळत होतं. ट्रक आत जाईना, छत खाली होतं. आम्ही तो तोंडाशीच लावला आणि फाटकाच्या खांबामुळे तो जरा वाकडा लागला. वायर तिरकी जाणार हे दोघींनाही दिसलं.

"हळू ओढ," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

त्यांनी आणि मी गाडी ढकलून तिचं तोंड उताराकडे केलं. मी हूक अडकवला. गाडीच्या मागे चार पावलांवर जाड खांब होता. सासूबाई जाऊन गाडी आणि खांब यांच्यामध्ये उभ्या राहिल्या, डिकीवर तळवा ठेवला आणि मला वर जायची खूण केली. मी वर आले. तळहाताला घाम आला होता, तो पॅंटला पुसला.

तेवढ्यात तिथला वॉचमन धावत आला. टोपी डोक्यावर घट्ट बसवलेला, किरकोळ अंगाचा माणूस. "ओ बाई! त्या बाई तिथे काय करतायत?"

"त्या शिकवतायत," मी म्हणाले.

"ते तुमच्या घरी. त्या तिथून हटल्याशिवाय इथे काही हलणार नाही. माझ्या ड्यूटीत तर नाहीच."

सासूबाईंनी त्याला खालूनच फैलावर घेतलं. त्याला काम कळत नाही, त्याने फाटक सांभाळावं, वगैरे. पण तोही खमका निघाला. त्याने शिट्टी तोंडात धरली आणि वायरच्या बाजूला हात पसरून उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा टोचनमावशींनी कुणाचं तरी ऐकलं. त्या पाय आपटत वर आल्या आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या वॉचमनच्या गळ्यात पडावं असं मला वाटलं, इतकं हायसं झालं.

मी लीव्हर ढकलला. मागे कुणी नाही. सोपं वाटत होतं, जवळपास मजाच वाटत होती. गाडी निघाली, उताराला लागली, अर्ध्यावर आली. मी ड्रमकडे पाहिलं तर वायर एका बाजूला चढत चालली होती. आता थांबवावं का, असा विचार मनात यायला आणि वेढा सरकायला एकच गाठ पडली. तोच आवाज, पण बंद जागेत तो भिंतींवरून आपटत आला. गाडी मागे आली.

मी काही ठरवलं नाही. हात सुटला, ते मला नंतर कळलं.

वायरला हिसका बसला, हूक निसटून छताला आपटला आणि गाडी मोकळी झाली. ती सरळ खाली गेली, अगदी नाकासमोर, आणि जाऊन खांबावर आदळली. डिकी मागच्या सीटपर्यंत आत गेली. काच फुटून सगळीकडे पसरली. आदळून गाडी जराशी पुढे आली आणि सपाटीवर थांबली. पाणी गळायचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

"बघा!" वॉचमन ओरडला. मग त्याचं त्यालाच समजलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "त्या तिथे असत्या म्हणजे..."

सासूबाई हूक तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी तिथे असते तर तिचा हात सुटला नसता."

त्या असताना वायर सरकली तेव्हा माझा हात सुटला नव्हता. त्या नव्हत्या आणि सुटला. त्यांचं खरं होतं, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. कारण त्यांचं खरं आहे म्हटल्यावर त्या उद्याही तिथे उभ्या राहणार, परवाही राहणार, आणि त्यांचं खोटं ठरायचा जो दिवस येईल तो एकदाच येणार.

वॉचमन गाडीच्या मालकाला बोलवायला लिफ्टकडे पळाला. सासूबाईंनी वायर ओढून ड्रमवरचे वेढे थोडे सारखे केले, हूक माझ्या हातात दिला आणि खाली जायला निघाल्या. "आता मी उभी राहते. तो यायच्या आत ओढून घेऊ."

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही लीव्हर धरा. मी उभी राहते."

त्या थांबल्या. "वेड लागलंय का?"

"मला अजून जमत नाही ना? मग तुम्ही ओढून दाखवा. शिकवताय ना मला?"

मी त्यांच्या उत्तराला थांबले नाही. हूक घेऊन खाली पळत गेले, तो अडकवला आणि गाडीला वळसा घालून मागे शिरले. जागा अंगापुरतीच होती. पाठीला खांब, पुढे चेपलेली डिकी. बुटांखाली काचा करकरत होत्या. मी तळवा पत्र्यावर ठेवला. पत्रा थंड होता. ती जागा लांबून बघायची आणि तिथे उभं राहायचं यात किती फरक आहे, ते मला त्या क्षणी कळलं. इथून पळायला वाटच नसते.

"ओढा!" मी ओरडले.

वर उजेडात सासूबाई ट्रकच्या कडेला उभ्या होत्या, एवढ्याशा दिसत होत्या. त्यांनी लीव्हरवर हात ठेवला. ड्रम फिरला नाही. त्यांनी हात काढला, अंगावरच्या जाकिटाला पुसला, परत ठेवला.

"ओढा ना, आई. मागे आपलं माणूस आहे. हात सुटत नाही अशा वेळी."

"बाहेर ये गं."

"का? तुमच्या हाताला ठाऊक आहे की मी इथे आहे."

"बाहेर ये, सांगते ना."

मी हलले नाही. मला बाहेर येता आलं असतं. त्यांचा आवाज कापत होता, ते मला ऐकू येत होतं, आणि तरी मी आले नाही. इतके दिवस लीव्हरपाशी मी जिथे उभी होते तिथे आज त्यांनी उभं राहावं, थोडा वेळ तरी, असं मला वाटत होतं. माझा स्वभाव चांगला आहे असा माझा दावा नाही.

"मी इथेच आहे," मी म्हणाले. "ओढा."

त्यांचा हात लीव्हरवरच होता. मला वाटलं, आता ओढतील. ड्रम हलला नाही. मग वरून असा आवाज आला, जो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, एखाद्या तरुण मुलीचा असावा तसा.

"अहो," त्या म्हणाल्या. "अहो, बाहेर या. आधी बाहेर या तिथून."

उभ्या जन्मात त्यांनी मला कधी 'अहो' म्हटलेलं नाही.

मी बाहेर आले. काचांवरून, भिंतीला धरत, मग पळतच वर आले. त्यांचे दोन्ही हात लीव्हरपासून लांब, हवेत होते. मी समोर जाऊन उभी राहिले तसे त्यांनी ते हात माझ्या तोंडावरून फिरवले, खांद्यांवरून, दंडांवरून, कुठे काही मोडलंय का बघत असल्यासारखे. धरलेला खांदा कानापर्यंत वर आला होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

"आले मी," मी म्हणाले. "आई, आले ना मी. बघा."

त्यांनी मान हलवली. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून त्या खाली, गाडी आणि खांब यांच्यामधल्या त्या जागेकडे बघत होत्या, आणि बघतच राहिल्या. अजून कुणीतरी बाहेर यायचं राहिलं होतं.